झाला ते तपोवन : हिमनदीच्या मागे मागे

एकतीस वर्षं मी फळ्यावर हिमनदी काढली. पांढऱ्या खडूने बर्फ, तपकिरी खडूने हिमोढ आणि खाली बाण मारून 'मेषशिला'. चंद्रपूरच्या मार्चमध्ये घामेजलेली पोरं ती आकृती वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत चार मार्क मिळवायची. मी स्वतः मात्र एकही हिमनदी पाहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भाचीचा फोन आला. ती भूशास्त्रात पीएचडी करते. विषय : गंगोत्रीची हिमनदी पूर्वी कुठपर्यंत होती. "मामाजी, आकडे लिहून घ्यायला माणूस पाहिजे. अक्षर चांगलं पाहिजे." अक्षर माझं चांगलंच आहे.

दिवस पहिला : उत्तरकाशी ते हर्षिल

खरं तर हा तिसरा दिवस. पहिले दोन एका कचेरीच्या बाकावर गेले. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायचा तर कागद लागतात. कागद होते, एक सही नव्हती. सही करणारे साहेब दौऱ्यावर. आले, त्यांनी सही केली, आणि आपल्या मुलाला भूगोलात कमी मार्क का पडतात हे मला विचारून घेतलं.

जीप सकाळी सातला निघाली. भटवाडी, गंगनानी, मग सुक्खीची वळणं. इथपर्यंत भागीरथी अरुंद दरीत, खोल खाली. खिडकीतून पाहायचं तर मान वाकडी करावी लागते. सुक्खीचा चढ संपून गाडी पलीकडे उतरली आणि दरी एकदम मोकळी झाली. सपाट तळ, पात्रात वाळूची बेटं, नदी चार फाट्यांत वाहतेय. गावाचं नाव झाला. मराठी माणसाला वाक्य अर्धं राहिल्यासारखं वाटतं.

"उतरा," भाची म्हणाली. "हिमनदीचं टोक आलं."

मी आजूबाजूला पाहिलं. सफरचंदाच्या बागा, एक पूल, लष्कराचे ट्रक. बर्फ कुठेच नाही. आजचं गोमुख, म्हणजे हिमनदीचं आताचं टोक, इथून चाळीसेक किलोमीटर वर आहे.

मिलाप चंद शर्मा आणि लुईस ओवेन या दोघांनी १९९६ मध्ये या खोऱ्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार गंगोत्री हिमनदीने गाठलेली सगळ्यात लांबची मजल ही. साधारण ६३ हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या टप्प्याला त्यांनी 'भागीरथी टप्पा' म्हटलं. भाचीने हात लांब करून दोन्ही बाजूंचे उतार दाखवले. वर तिरका कडा, मग एक खांदा, मग पुन्हा कडा. खांद्यावर मातीत रुतलेले मोठाले धोंडे; त्यांचा खडक आणि खालच्या डोंगराचा खडक एक नाही. नदी असे धोंडे डोंगराच्या खांद्यावर ठेवत नाही. बर्फ ठेवतो.

मी गुरुजीपणा केला. "म्हणजे ही यू आकाराची दरी."

"होती. तळ नंतर गाळाने भरला. तुमच्या फळ्यावरच्या यूमध्ये कुणीतरी अर्धी बादली रेती ओतलीय असं समजा."

दुपारी धरालीला राजमा-भात खाल्ला. हर्षिलचा राजमा खरोखर वेगळा, सालासकट तोंडात विरघळतो. जेवण होईपर्यंत भाची गावामागच्या ओढ्याकडे पाहत होती. त्याचं नाव खीर गाड; गढवालीत गाड म्हणजे ओढा. तिने मला वहीत लिहायला सांगितलं : 'धराली : वस्ती पंख्यावर.' ओढा डोंगरातून बाहेर पडताना आणलेला दगडगोटा पंख्यासारखा पसरतो, आणि डोंगरात सपाट जागा तेवढीच असल्यामुळे माणसं त्यावरच घरं बांधतात. हिमनद्या मागे हटताना उतारावर जो सुटा माल टाकून जातात, तो असाच पुढची हजारो वर्षं खाली येत राहतो. माझ्या अक्षरातली ती ओळ अजून वहीत आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला खीर गाडमधून लोंढा आला आणि धरालीचा बाजार काही क्षणांत गाडला गेला. टीव्हीवर ते दृश्य पाहताना मी आमचं हॉटेल शोधत होतो. कल्प केदारचं जुनं देऊळ तर आधीपासूनच अर्धं जमिनीत होतं. एका जुन्या लोंढ्याची ती खूण तिथे रोज पूजली जात होती.

दिवस दुसरा : गंगोत्री

हर्षिलहून गंगोत्री पंचवीस किलोमीटर. मध्ये भैरोंघाटीला जाड गंगेची घळ लागते. पुलावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. दिवस फक्त उंचीची सवय होण्यासाठी ठेवला होता. देवळात दर्शन घेतलं. हे देऊळ अमरसिंह थापा या गोरखा सेनापतीने बांधवलं. पुजाऱ्यांनी सांगितलं, की पूर्वी गंगा इथेच उतरायची, बर्फ इथपर्यंत होता. मी भाचीकडे पाहिलं, आता ही वाद घालणार म्हणून. तिने मान डोलावली. भागीरथी टप्प्यात ही जागा बर्फाखालीच होती. फरक एवढाच, की तेव्हा देऊळ बांधायला कुणी नव्हतं.

मग माझी फजिती. देवळाच्या खाली सूर्यकुंडापाशी नदी उडी घेते. तिथला ग्रॅनाइट असा गुळगुळीत, की हात ठेवावासा वाटतो. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "बघ, हिमनदीने घासलेला खडक!" शेजारचे दोन यात्रेकरूही थांबून ऐकू लागले.

"मामाजी, हात फिरवा. कसा लागतो?"

हात वाटीसारख्या खळग्यात गेला, तिथून दुसऱ्या खळग्यात. सगळीकडे गोलाई.

"पाणी वळतं, म्हणून वाट्या पाडतं. बर्फ वळत नाही. बर्फाने घासलं तर सरळ रेघा दिसतील, एका दिशेच्या, कुणी फुटपट्टी लावून ओढल्यासारख्या." यात्रेकरू निघून गेले. एकतीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

रात्री खोलीवर तिने दुसरा प्रश्न सोडवला. सगळ्या पृथ्वीवर थंडीचा कळस झाला तो साधारण वीस हजार वर्षांपूर्वी. युरोप-अमेरिकेतले बर्फाचे थर तेव्हा सगळ्यात पसरले होते. मग गंगोत्रीची मोठी मजल त्याच्या कितीतरी आधी कशी? हिमनदीचा जमाखर्च असतो. थंडीने खर्च, म्हणजे वितळणं, कमी होतं. पण जमेच्या बाजूला बर्फ पडावा लागतो, आणि इथे त्यातला बराच हिस्सा मोसमी पाऊस आणतो. थंडी कडक पण मान्सून दुबळा, अशा काळात हिमनदी तेवढी वाढत नाही. दुष्काळात बँकेचं कर्ज माफ झालं तरी पोतं रिकामंच, तसं काहीसं. हा दाखला माझा. भाचीला तो पटला नाही.

दिवस तिसरा : गंगोत्री ते भोजबासा

चौदा किलोमीटर. वनखात्याच्या नाक्यावर नोंद. दिवसाला दीडशेच माणसं सोडतात. प्लास्टिकच्या पिशव्या मोजून घेतल्या, परत आणल्या नाहीत तर अनामत जप्त. माझी चिवड्याची पिशवीही मोजली गेली. सोबत एक नेपाळी पोर्टर, ज्याला भाची दाजू म्हणायची; वयाने माझ्या निम्मा, पाठीवरचं ओझं माझ्या तिप्पट.

नऊ किलोमीटरवर चीडबासा. त्याच्या थोडं अलीकडे वाटेच्या वरच्या अंगाला एक उघडा कातळ होता, हत्ती बसल्यासारखा. वरच्या बाजूने चढ हळुवार आणि गुळगुळीत, खालच्या बाजूला तुटका, ओबडधोबड. मी काही बोललो नाही, कालचं ताजं होतं. भाचीने बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं आणि मला तिरक्या उन्हाच्या बाजूला उभं केलं.

रेघा. बोटाच्या नखाएवढ्या रुंद, काही केसासारख्या, सगळ्या दरीच्या दिशेने. हिमनदीच्या तळात रुतलेल्या दगडांनी कातळावर ओढलेल्या. आणि तो हत्ती म्हणजे मेषशिला. वरून येणारा बर्फ अंगावरून घासत गेला, पाठीमागचे तुकडे उपटत गेला.

त्या रेघा मी आधी पाहिल्या होत्या, आणि त्याही घरापासून तासाभरावर. चंद्रपूरजवळ इरई म्हणून जागा आहे, पैनगंगेकाठी. तिथल्या चुनखडकावर अशाच समांतर रेघा आहेत आणि त्यांच्यावर तालचेर थरातले मोठमोठे गोटे बसलेत. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माणसांनी त्या ओळखल्या. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि विदर्भावर बर्फ सरकत होता. मी तिथे मुलांची सहल नेली होती. मुलांना पटलं नव्हतं. मलाही, प्रामाणिकपणे सांगायचं तर, अर्धंच पटलं होतं. चीडबासाच्या त्या कातळावर ओला हात ठेवून ते पुरतं पटलं. रेघ तीच, वय तेवढं वेगळं.

"काहून बसला जी मामाजी? अजून पाच किलोमीटर आहेत."

भोजबासाला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं होतं. ३,८०० मीटरच्या आसपासची उंची. आश्रमात खिचडी मिळाली आणि चहा, जो उकळताना हात घालता येईल एवढाच गरम वाटत होता.

दिवस चौथा : भोजबासाच्या वर

कामाचा दिवस. भोजबासाच्या वरच्या अंगाला दरीच्या बाजूने दगडमातीचे लांबोळके बांध आहेत, शेताच्या धुऱ्यासारखे, फक्त उंची कित्येक मजल्यांची. हे हिमोढ. हिमनदी कडेला आणि टोकाला जो माल लोटते, तो बर्फ गेल्यावर असा उरतो. बांधाची धार म्हणजे बर्फाच्या कडेची उंची, आणि बांध जिथे वळून दरीच्या मध्याकडे येतो तिथे टोक. एवढं कळलं की नकाशावर जुनी हिमनदी निम्मी काढून झाली.

उरला प्रश्न, कधीची. त्यासाठी धोंडा निवडायचा. मला वाटलं होतं, कुठलाही चालेल. सकाळी नऊपासून भाचीने बावीस धोंडे नाकारले. हा लहान, बर्फाखाली झाकला जातो. हा उतारावर, लोळलेला असू शकतो. ह्याची साल सुटतेय, वरचा पापुद्रा गेला म्हणजे घड्याळ गेलं. तेविसावा धारेच्या अगदी माथ्यावर होता, मोटारीएवढा, निम्मा जमिनीत रुतलेला. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या गारगोटीची एक शीर बोटभर वर आली होती.

छिन्नी लावून दाजू आणि ती आळीपाळीने ठोकत बसले. वरचे चार-पाच सेंटिमीटरच हवेत, त्याखालचं नको. पाऊण तासात किलोभर चिपा निघाल्या. मी लिहीत होतो : जीपीएस, उंची, चिपेची जाडी, आणि मग क्षितिज. होकायंत्र घेऊन ती जागेवर गोल फिरली आणि प्रत्येक दिशेला डोंगर किती अंश आभाळ झाकतो ते सांगत गेली. शिवलिंग शिखराकडे अमुक, भागीरथी शिखरांकडे तमुक.

आभाळ मोजायचं कारण असं. अंतराळातून येणारे वैश्विक किरण गारगोटीवर आदळतात, तिच्यातल्या ऑक्सिजनचे अणू फुटतात आणि बेरिलियम-१० तयार होतं. समुद्रसपाटीला एका ग्रॅममध्ये वर्षाकाठी जेमतेम चार-पाच अणू. इथल्या उंचीवर त्याच्या कितीतरी पट. धोंडा बर्फात गाडलेला असेतो हे घडत नाही. हिमनदीने तो धारेवर टाकला आणि बर्फ खाली गेला, की मोजणी सुरू. डोंगराने झाकलेल्या दिशेने किरण कमी येतात, म्हणून ती वजाबाकी. पुढे प्रयोगशाळेत चिपा कुटून, आम्लात विरघळवून, उरलेलं बेरिलियम दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये मोजायचं. एका धोंड्यावर विसंबायचं नाही. एका बांधावरचे चार-पाच घ्यायचे. एखादा आधीच कड्यावर उन्हात बसून वय कमावून आलेला असतो, तो खोटं बोलतो. "साक्षीदार जितके जास्त तितकं बरं," मी म्हणालो. हा दाखला पटला.

याच पद्धतीने या खोऱ्यातले पुढचे टप्पे मोजले गेलेत. शिवलिंग टप्पा सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा, गंगोत्री टप्पा हजारेक वर्षांपूर्वीचा, आणि आम्ही उभे होतो तो भुजबास टप्पा, दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे पेशवाईच्या आसपास इथे बर्फ होता. एवढ्या अलीकडच्या बांधासाठी दगडफूलही उपयोगी पडतं. धोंड्यांवर पिवळट हिरव्या शेवाळीसारखे गोल डाग असतात; ते फार सावकाश वाढतात, म्हणून सगळ्यात मोठ्या डागाचा व्यास मोजतात. मसाल्यात घालतो त्याचाच हा भाऊबंद. मी पट्टी लावून मोजले. भाचीने तपासून दोन खोडले, कारण मी शेजारचे दोन डाग एक समजून मोजले होते.

दुपारी गोमुख. मनात जे चित्र होतं ते पांढरं होतं. समोर राखाडी भिंत, अंगभर दगडमाती, तळाशी निळसर काळी कपार आणि तिच्यातून गढूळ पाण्याचा लोट. अगदी जवळ जाऊ देत नाहीत, आणि ते बरंच. आम्ही बसलो होतो तेवढ्या अर्ध्या तासात तीनदा धोंडे कोसळले. जॉन हॉजसन आणि जेम्स हर्बर्ट हे दोन सर्वेक्षक ३१ मे १८१७ ला इथे पोचले. कमानीवर लोंबणारे बर्फाचे सुळके पाहून हॉजसनला महादेवाच्या जटा आठवल्या, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. मग समोरच्या शिखरांना मात्र त्याने आपल्याकडच्या ख्रिस्ती संतांची नावं दिली. ती टिकली नाहीत. सॅम्युअल बॉर्नने १८६६ मध्ये गोमुखाचे फोटो काढले. १९३५ मध्ये जॉन ऑडन (कवी ऑडनचा थोरला भाऊ, भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता) याने टोकाचा नकाशा केला. त्या नकाशातली जागा आता मागे, खाली, किलोमीटरहून जास्त अंतरावर राहिली आहे. एक आजी पलीकडच्या दगडावर बसून डबा भरत होत्या. त्यांच्या सासूबाई इथे येऊन गेल्या होत्या म्हणे, पन्नास वर्षांपूर्वी. भाचीने त्यांना विचारलं नाही काही, पण हळूच मला म्हणाली, "त्यांच्या सासूबाई गेल्या ते गोमुख इथे नव्हतं."

दिवस पाचवा : तपोवन

भागीरथी ओलांडायला भोजबासाला तारेवरची ट्रॉली आहे. आपणच दोर ओढायचा. मध्यावर ती लटकली, खाली पाणी गर्जतंय आणि पलीकडे दाजू एका हाताने बिडी पेटवतोय, दुसऱ्या हाताने मला ओढतोय. तळहात दोन दिवस जळत होते.

मग मेरू हिमनदीच्या बाजूचा दगडांचा पसारा. गढवालीत हिमनदीला बामक म्हणतात. जुलै २०१७ मध्ये मेरू बामकच्या बाजूने पुराने एवढा माल आणून टाकला, की गोमुखापाशी नदीची वाट आणि चालायची वाट दोन्ही बदलल्या. आकाशगंगा नावाच्या ओढ्याच्या काठाने शेवटचा चढ असा उभा, की मी प्रत्येक वीस पावलांना श्वास मोजत होतो. वर पोचलो तर समोर ६,५४३ मीटरचं शिवलिंग, आणि पायाखाली चक्क गवत. भरल (डोंगरातल्या रानमेंढ्या) चरत होते, आमच्याकडे पाहून तोंडही न वळवता. उंची ४,४५० च्या आसपास.

सगळे शिवलिंगाचे फोटो काढतात. मीही काढले. पण जे मला बघायला मिळालं ते पाठीमागे होतं. भाची मला कुरणाच्या काठाला घेऊन गेली. कुरण जिथे संपतं तिथे जमीन तुटते. उभी, कच्ची, राखाडी मातीची भिंत सरळ खाली जाते, अजून दगड सुटतायत, आणि तिच्या पार तळाला मुख्य हिमनदी पडलीय, तीस किलोमीटर लांबीची, दगडांनी मढलेली. पलीकडच्या काठालाही तशीच भिंत, तेवढ्याच उंचीची.

"बर्फ कुठवर होता, सांगा."

मी धारेकडे पाहिलं. मग पलीकडच्या धारेकडे. दोन्हींच्या मध्ये नजरेनेच दोर ताणला. दोर बर्फाच्या पृष्ठभागापासून कितीतरी वर, मोकळ्या हवेत होता.

दरवर्षी गोमुख इतके मीटर मागे गेलं, अशी बातमी येते. शतकभराची सरासरी वर्षाला वीसेक मीटरची. मी ती वर्गात वाचून दाखवायचो. पण हिमनदी मागे जायच्या आधी खाली बसते. टोकाला दगडांची जाड गोधडी असली तर वितळणं मंदावतं, टोक जागचं हलत नाही, आणि दरम्यान वर, आत, सगळं अंग खंगत जातं. पोट खपाटीला गेलेल्या माणसाची उंची मोजत बसण्यासारखं आहे ते. रक्तवर्ण आणि चतुरंगी या बाजूच्या हिमनद्या एके काळी मुख्य हिमनदीला मिळायच्या. आता त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

संध्याकाळी तंबूत तिने नकाशा पसरला. दोन्ही धारांच्या उंची मांडून जुन्या बर्फाच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ओढल्या; कडेला धारेच्या उंचीला, मध्ये किंचित फुगीर. त्या क्षेत्रफळाचा साधारण साठ टक्के भाग ज्या उंचीच्या वर येतो, तिथे जमाखर्चाची रेषा : तिच्यावर बर्फ साठतो, खाली वितळतो. जुन्या हिमनदीची रेषा आणि आजची रेषा यांच्यातलं अंतर काढलं, की तेव्हाच्या हवेचा अंदाज बांधता येतो. दगडांनी मढलेल्या हिमनद्यांना तो साठचा आकडा तसाच लावता येत नाही, म्हणून तिने तीन वेगवेगळे आकडे धरून तीनदा गणित केलं. टॉर्च मी धरला होता. पेन्सिलीचं टोक दोनदा थंडीने मोडलं. समोच्च रेषा मी शिकवायचो, पण नसलेल्या पृष्ठभागाच्या समोच्च रेषा काढताना कुणाला पाहिलं नव्हतं.

दिवस सहावा आणि सातवा : परत

उतरताना गुडघ्यांनी तक्रार केली, बाकी सांगण्यासारखं नाही. चीडबासाच्या हत्तीपाशी मी पुन्हा थांबलो. ऊन डोक्यावर होतं, रेघा दिसल्या नाहीत.

गंगोत्रीहून उत्तरकाशीची जीप भरलेली होती. मागे गंगाजलाचे कॅन, राजस्थानच्या एका कुटुंबाचे, आणि आमच्या नमुन्यांच्या अकरा कापडी पिशव्या. ड्रायव्हरने एक उचलून पाहिली.

"इसमें क्या है, गुरुजी?"

"पत्थर."

"पत्थर?" त्याने पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. "यहाँ का?"

गंगाजलाला भाडं पडत नाही, पण दगडाला पडतं, असं त्याने जाहीर केलं. दोनशे रुपये. भाची हुज्जत घालायला लागली. शेवटी दीडशेवर तुटलं, आणि झाल्याला चहासाठी पाच मिनिटं थांबायचं कबूल करून घेतलं.